पाच फुटी टाकीचा तळ कोणाचा? आक्रमक सिक्लिडांसोबत तळचा मासा निवडण्याचे एक प्रकरण

पुण्यातील एका घरातील ही टाकी पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच आहे. काचेच्या मापाने तिच्यात सुमारे ५६० लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली, तर प्रत्यक्षात ४८० लिटरच्या आसपास उरते. टाकीत सिक्लिड या कुळातले चार मासे होते: साधारण २५ सेंटिमीटरचा एक टायगर ऑस्कर, १६ सेंटिमीटरचा एक जॅक डेम्प्सी नर आणि कॉन्व्हिक्ट सिक्लिडची एक जमलेली जोडी. पाण्याचे तापमान २७ अंश सेल्सिअस होते, फिल्टर पुरेसा होता आणि आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी नियमाने बदलले जात होते. टाकीची निगा चांगली होती, हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढचा सारा विचार त्या पायावर उभा आहे. ज्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट ही माशांच्या घाणीतून होणारी विषारी द्रव्ये शून्य राहत नाहीत, तिच्यात नवा मासा कोणता आणावा हा प्रश्नच उद्भवत नाही.

घरच्यांची मागणी साधी होती. तळाशी राहणारा, उरलेले दाणे खाणारा आणि जमल्यास तळ स्वच्छ ठेवणारा एखादा मासा त्यांना हवा होता. याआधी एका दुकानदाराच्या सांगण्यावरून त्यांनी कोरीडोरस या छोट्या, मिशाळ कॅटफिशचा एक लहान थवा आणून सोडला होता. त्यांपैकी काहींचे पर पहिल्याच दोन दिवसांत कुरतडले गेले, काही नाहीसे झाले आणि एक ऑस्करच्या घशात अडकला. ऑस्कर वाचला, पण बरेच दिवस त्याने अन्नाला तोंड लावले नाही. यानंतर त्यांना मिळालेला सल्ला असा होता की, आक्रमक माशांबरोबर तितकाच आक्रमक, म्हणजे मार सहन करणारा किंवा उलटून मारणारा मासा आणावा. हा सल्ला जवळजवळ प्रत्येक दुकानात ऐकू येतो आणि माझ्या मते तो मुळातच चुकीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. कोणता मासा मार सोसेल, यापेक्षा टाकीतील आक्रमक मासा तळावरच्या नेमक्या कोणत्या गोष्टीसाठी भांडतो आणि नव्या माशालाही तीच गोष्ट हवी आहे का, हे पाहणे जास्त उपयोगाचे असते.

तळाचा नकाशा

या दृष्टीने प्रथम टाकीतील भांडणांची पाहणी केली. ‘आक्रमक’ हा एकच शब्द आपण तीन निराळ्या वागणुकींसाठी वापरतो आणि या टाकीत तिन्ही एकत्र नांदत होत्या.

ऑस्कर हा मूळचा अमेझॉन खोऱ्यातला मासा. तो ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि त्याचे सारे वर्तन त्याच्या तोंडाच्या आकारावर चालते. जे तोंडात मावते ते अन्न, जे मावत नाही त्याच्याकडे बहुतेक वेळा दुर्लक्ष. त्याला तळावर हक्क सांगायचा नसतो. तो मधल्या पाण्यात फिरतो आणि टाकीच्या दर्शनी काचेपाशी अन्नाची वाट पाहतो. त्याच्यापासूनचा धोका एकदाच आणि अचानक येतो.

जॅक डेम्प्सी हा मेक्सिको ते होंडुरास या पट्ट्यातला. त्याने टाकीच्या उजव्या टोकाचे मोठे लाकूड आपले मानले होते. लाकडाच्या एका हाताच्या परिघात कोणीही आले की तो अंगावर जाई, पण पाठलाग त्या परिघाबाहेर फारसा करत नसे. त्याचा राग जागेशी बांधलेला होता, त्यामुळे तो मोजून घेता येत होता.

खरी अडचण सर्वांत लहान माशांची होती. कॉन्व्हिक्ट सिक्लिड हे मध्य अमेरिकेतले मासे पाच-सहा सेंटिमीटरचे झाले की वयात येतात. ते कपारीत किंवा दगडाच्या आडोशाला अंडी घालतात. २६-२७ अंशांच्या पाण्यात ती साधारण तीन दिवसांत फुटतात आणि पिल्ले पोहू लागल्यावरही आई-बाप दोघे मिळून कित्येक आठवडे त्यांची राखण करतात. या जोडीने डाव्या टोकाच्या दगडांखाली वाळू उकरून खड्डे केले होते. अंडी नसताना त्यांचा हक्क फूटभर जागेपुरता असे. पिल्ले असताना तो टाकीच्या जवळजवळ निम्म्या लांबीपर्यंत पसरे आणि त्या काळात ते आपल्याहून कितीतरी मोठ्या ऑस्करलाही मागे रेटत. पिल्ले तळालगत चरतात, म्हणून तळालगत फिरणारा प्रत्येक जीव त्यांच्या लेखी शत्रू ठरतो. कोरीडोरस तळ हुंगत, वाळूत मिशा खुपसत अखंड फिरतो. तो पळून जातो, पण पुन्हा तिथेच येतो. जोडीच्या दृष्टीने हा परत परत चालून येणारा हल्लेखोर होता.

म्हणजे दहा चौरस फूट तळापैकी डावीकडचा भाग जोडीचा, उजवीकडचा डेम्प्सीचा आणि मधला सुमारे दीड-दोन फुटांचा पट्टा तेवढा बिनमालकीचा. तोही पिल्लांच्या काळात आक्रसणारा. मात्र ही विभागणी दिवसाची होती. दिवे मालवल्यानंतर तासाभराने मंद बॅटरीच्या उजेडात पाहिले, तेव्हा तिन्ही प्रकारचे सिक्लिड आपापल्या कोपऱ्यात स्थिर झालेले होते. फक्त कॉन्व्हिक्टची मादी पिल्लांवर तरंगत होती. सिक्लिड डोळ्यांवर जगणारे मासे आहेत आणि अंधारात ते जवळजवळ निष्क्रिय होतात. तळ रात्री मोकळा होता, हे या पाहणीतून हाती लागलेले सर्वांत मोलाचे सूत्र ठरले.

बाद झालेली नावे

कोरीडोरसचा विचार पुन्हा करण्याचे कारणच नव्हते, पण तो का नको याचे एक कारण सविस्तर सांगायला हवे, कारण ते इतर कॅटफिशनाही लागू पडते. त्याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या परांच्या पुढे एकेक कडक काटा असतो आणि धोका वाटताच हे काटे उभे करून तो सांध्यात अडकवून ठेवतो. शिंगाळा हाताळणाऱ्या कोळ्यांना ही रचना चांगली ठाऊक असते. ऑस्करने असा मासा गिळायचा प्रयत्न केला की तो घशात फसतो, मागे ओढता येत नाही आणि अनेकदा दोघेही मरतात. त्यामुळे काटेरी मासा लहान आणून ‘टाकीत मोठा होईल’ असे म्हणणे हा आक्रमक माशाच्याही जिवाशी खेळ आहे. तळचा मासा आणायचा तर तो पहिल्या दिवसापासून, उभ्या काट्यांसकट, ऑस्करच्या तोंडापेक्षा निश्चितपणे मोठा हवा.

दुकानात सर्वांत आधी पुढे केला जातो तो काचेला तोंडाने चिकटून शेवाळ खाणारा सकर. पाच सेंटिमीटरचा स्वस्त सकर बहुधा टेरिगोप्लिक्थिस या गटातला असतो आणि तो ४० सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा होतो. कवचामुळे तो मार सोसतो हे खरे आहे. पण त्याची विष्ठा प्रचंड असते, वाढत्या वयात शेवाळ खाण्याचा त्याचा उत्साह कमी होतो आणि उपाशी राहिला तर रात्री ऑस्करसारख्या रुंद, संथ माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडण्याची सवय त्याला लागू शकते. त्या जखमांवर पुढे बुरशी चढते. शिवाय टाकीत मावेनासा झाला की लोक तो नदीत किंवा तळ्यात सोडतात. पश्चिम बंगाल, आंध्र प्रदेश, तमिळनाडू आणि केरळमधल्या पाण्यांत हा परदेशी मासा अशाच वाटांनी जाऊन स्थिरावला आहे. तो काठ पोखरतो आणि मच्छीमारांची जाळी फाडतो. दहा वर्षे सांभाळण्याची तयारी आणि जागा नसेल तर सकर आणू नये, याबाबत मी कोणतीही सवलत देऊ इच्छित नाही.

त्याचाच लहान भाऊबंद ब्रिसलनोज हा १२ ते १५ सेंटिमीटरवर थांबतो. अनेक सिक्लिड टाक्यांत तो उत्तम राहतो. या टाकीत तो बसत नव्हता, कारण त्याला गुहा लागते आणि गुहा हीच कॉन्व्हिक्टच्या जोडीची गरज. नर ब्रिसलनोज आपली गुहा सोडत नाही, जोडीही सोडणार नव्हती. दोन्ही मासे चिवट असले, तरी एकाच वस्तूवर दोघांचा दावा असल्यामुळे हे भांडण संपणारे नव्हते. रेड टेल शार्क म्हणून विकला जाणारा काळा, लाल शेपटीचा मासा याच कारणाने वगळला. तो स्वतःच तळाचा जहागीरदार आहे आणि इथे तिसऱ्या जहागिरीला जागा नव्हती. मूठभर आकाराचा, गोंडस दिसणारा रेड टेल कॅटफिशही सुचवला गेला होता. तो मीटरहून मोठा होतो आणि सगळ्या टाकीला खाऊन टाकतो. घरगुती टाकीसाठी त्याचा विचारही करू नये.

लोच या तळाशी राहणाऱ्या लांबट माशांचा विचार मात्र गांभीर्याने झाला. लोचच्या डोळ्याखाली एक दुहेरी काटा असतो, तो चपळ असतो, थव्यात राहिल्याने एकाच माशावर सगळा मार येत नाही. सुमात्रा आणि बोर्निओतला क्लाउन लोच २५-३० सेंटिमीटरचा होतो आणि किमान पाच-सहाच्या गटात राहतो. त्या गटासाठी ही टाकी लहान. उत्तर भारतातला योयो लोच आकाराने जमणारा होता आणि जोडी नसती तर मी त्यालाच पहिली पसंती दिली असती. पण तो दिवसाही तळभर हुंदडतो आणि पिल्ले असलेल्या भागात पाच-सहा लोच दिवसभर शिरत राहिले असते. झेब्रा लोचचे नावही निघाले, कारण तो आपल्याकडचा मासा. सह्याद्रीतल्या, मुख्यतः कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातल्या नद्यांत तो आढळतो. बोटभर लांबीचा हा देखणा, भित्रा मासा ऑस्करच्या टाकीत टिकला नसताच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. ज्या माशाचे नदीतले अस्तित्वच धोक्यात आहे, तो हमखास मार खाणार अशा टाकीसाठी विकत घेणे मला योग्य वाटत नाही.

उरलेले दोन

शेवटी दोन कॅटफिश उरले. पहिला स्ट्राइप्ड राफाएल. हा दक्षिण अमेरिकेतला मासा २० सेंटिमीटरच्या आसपास वाढतो, त्याच्या दोन्ही कुशींवर हाडांच्या काटेरी तकट्यांची रांग असते आणि तो पूर्णपणे निशाचर असतो. आक्रमक माशांबरोबर राहण्यासाठी याच्याइतका शांत आणि सुरक्षित दुसरा मासा क्वचितच मिळेल. पण तो दिवसेंदिवस दिसत नाही. घरच्यांना मासा दिसायला हवा होता, आणि ही अपेक्षा मला गैर वाटत नाही. जो दिसत नाही त्याचे आजारपणही दिसत नाही. शिवाय पुरेशा आकाराचा राफाएल त्या वेळी कुठे मिळाला नाही.

दुसरा सिनोडॉन्टिस युप्टेरस, ज्याला बाजारात फेदरफिन म्हणतात. नाइल, नायजर, व्होल्टा आणि चाड खोऱ्यांतला हा आफ्रिकी मासा टाकीत साधारण २० सेंटिमीटर होतो, नैसर्गिक पाण्यात त्याहून बराच मोठा. तो संध्याकाळपासून क्रियाशील होतो, त्यामुळे दिवे मालवण्याआधीचा तासभर तो दिसतो. त्याला गुहेपेक्षा लाकडाखालची किंवा नळीतली अरुंद आडोशाची जागा चालते, तो अंडी घालण्यासाठी जागा धरत नाही आणि मोठ्या माशाने ढुसणी दिली तर बाजूला होतो, पण खचून जात नाही. स्वतःच्या जातभाईंशी मात्र तो भांडतो, म्हणून एकच आणायचा असे ठरले.

खरेदीच्या वेळी एक खबरदारी घ्यावी लागली. आपल्याकडे अनेक दुकानांत सिनोडॉन्टिसच्या सगळ्याच जाती ‘अपसाईड डाऊन’ या एका नावाने विकल्या जातात. पोट वर करून पोहणारा खरा छोटा मासा म्हणजे सिनोडॉन्टिस नायग्रिव्हेंट्रिस. तो जेमतेम दहा सेंटिमीटरचा, शांत आणि गटात राहणारा आहे. तो या टाकीत गेला असता तर कोरीडोरसचीच गत झाली असती. युप्टेरसचे पिल्लू आणि नायग्रिव्हेंट्रिस यांत नवख्याची फसगत सहज होते, म्हणून लहान मासा घेण्याऐवजी पाठीवरच्या पराचे दोरे लांबायला लागलेला, १३ सेंटिमीटरचा वाढता मासा शोधला. तो शोधायला वेळ लागला आणि पैसेही जास्त पडले. लहान मासे तीनदा आणून तीनदा गमावण्यापेक्षा ते कमीच होते.

टाकीत सोडण्यापूर्वी आणि सोडताना

नवा मासा महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवला. कॅटफिश आणि लोच तांबेयुक्त व मॅलकाइट ग्रीनसारख्या औषधांना संवेदनशील असतात. मुख्य टाकीत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पसरल्यावर सर्वांना पूर्ण मात्रा देण्याची वेळ येऊ नये, हा त्यामागचा हेतू. या काळात त्याला बुडणारे दाणे आणि गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) रात्री खायची सवय लागली. त्याला जाळीने धरले नाही. काटे जाळीत असे गुंततात की ते सोडवताना मासा जखमी होतो; पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात पाण्यासकट हलवणे सोपे पडते.

मुख्य टाकीत बदल केला तो फक्त मधल्या पट्ट्यात. डेम्प्सीचे लाकूड आणि जोडीचे दगड जागचे हलवले नाहीत. नवा मासा सोडताना सगळी मांडणी बदलावी, म्हणजे जुने हक्क मोडतात, असे सर्रास सांगितले जाते. पण जिथे हक्क स्थिर आहेत आणि मोकळा पट्टा माहीत आहे, तिथे सर्व काही उधळून चौघांना एकाच वेळी नव्याने भांडायला लावणे मला पटत नाही. जोडीचे दगड उचलले नाहीत, मात्र ते थेट काचेवर टेकलेले आहेत याची खात्री केली. वाळूवर ठेवलेला दगड कॉन्व्हिक्टने खालून पोखरला की कलंडतो, आणि त्याखाली तळचा मासा चिरडला जातो.

मधल्या पट्ट्यात मागच्या काचेलगत ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप, कडा घासून, अर्धा वाळूत पुरून ठेवला. त्याची दोन्ही तोंडे उघडी ठेवली. एकाच तोंडाची गुहा आक्रमक टाकीत सापळा ठरते: दारात सिक्लिड उभा राहिला तर आतल्या माशाला वाट उरत नाही. पाईपाचा व्यास डेम्प्सी आणि ऑस्करला आत शिरू न देणारा होता. कॉन्व्हिक्ट आत जाऊ शकले असते, म्हणून तो त्यांच्या दगडांपासून शक्य तितका दूर ठेवला. पाईपावर आणि बाजूला दगडी तुकडे रचले. इथे एक स्थानिक सूचना: शहाबादी आणि कडप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत आणि ते पाण्याचा कठीणपणा हळूहळू वाढवतात. मध्य अमेरिकी सिक्लिडांना ते चालून जाईल, पण पाणी स्थिर राहावे म्हणून ओट्याचे काम करणाऱ्यांकडचे ग्रॅनाइटचे तुकडे वापरले.

जोडीकडे त्या वेळी पिल्ले नव्हती, तो काळ मुद्दाम निवडला. संध्याकाळी सर्वांना पोटभर खाऊ घातले, दिवे मालवले आणि तासाभराने डबा पाईपाच्या तोंडाशी तिरका केला. मासा सरळ पाईपात गेला.

पुढे काय झाले

पहिल्या काही दिवसांत डेम्प्सीने त्याला लाकडापाशी दोनदा-तीनदा हाकलले. एकदा पाठीच्या पराचा शेंडा फाटला आणि स्वच्छ पाण्यात तो आपोआप भरून आला. ऑस्करने एकदा जवळ जाऊन पाहिले आणि नंतर त्याच्याकडे लक्ष दिले नाही. रात्रीचे खाद्य दिवे मालवल्यावर अर्ध्या तासाने, पाईपाच्या तोंडाशी टाकण्याची पद्धत घरच्यांनी पाळली. हा तपशील किरकोळ नाही. तळचे मासे मारामुळे मरतात, तसेच उपासमारीनेही मरतात. कारण दिवसा टाकलेले दाणे तळापर्यंत पोहोचतच नाहीत आणि ‘उरलेले खाईल’ या भरवशावर ठेवलेल्या माशासाठी काही उरतच नाही.

स्वच्छतेची अपेक्षा मात्र घरच्यांना सोडून द्यावी लागली. कोणताही मासा तळ स्वच्छ करत नाही; तो अन्न खातो आणि स्वतःची घाण त्यात भरतो. सायफनने, म्हणजे नळीने पाणी खेचून, वाळू साफ करणे आणि फिल्टरचा प्रवाह तळाकडे वळवणे हेच काम करते, आणि नव्या माशाच्या भाराला पुरे पडावे म्हणून पाण्याचा बदल तिसऱ्या हिश्शावरून चाळीस टक्क्यांवर नेला.

अपेक्षित असूनही मनाला लागलेली घटना पुढच्या विणीत घडली. पिल्ले पोहू लागल्यावर दिवसा जोडीने सगळ्यांना पूर्वीसारखेच दूर ठेवले, पण रात्रीच्या अंधारात सिनोडॉन्टिसने पिल्ले हळूहळू संपवली. सकाळी जोडी रिकाम्या खड्ड्याभोवती फिरत राहिली आणि दोघांनी काही वेळ एकमेकांवरच राग काढला. जोडी फुटण्याची शक्यता अशा वेळी खरी असते. घरच्यांना पिल्ले वाढवायची नव्हती आणि तितकी पिल्ले द्यायची कुठे हा प्रश्न त्यांना आधीपासूनच सतावत होता, म्हणून त्यांनी हे स्वीकारले. ज्यांना पिल्ले हवी आहेत, त्यांनी जोडीला वेगळी टाकी द्यावी. असा निशाचर कॅटफिश आणि पिल्ले एकत्र ठेवता येत नाहीत.

सध्या हा मासा १६ सेंटिमीटरच्या पुढे गेला आहे आणि पाईप त्याला अपुरा पडू लागला आहे. ११० मिलिमीटरचा पाईप टाकला तर डेम्प्सीही आत जाईल. त्यामुळे आता ग्रॅनाइटच्या दोन सपाट तुकड्यांत सहा सेंटिमीटर उंचीची, पण फूटभर रुंद फट ठेवण्याचे ठरले आहे. सिक्लिड उभट आणि चपटे असतात, कॅटफिश ठेंगणा आणि रुंद. पाठीचा काटा मिटवून तो अशा फटीत शिरू शकतो, डेम्प्सीला मात्र आडवे झाल्याशिवाय शिरता येत नाही. फट दोन्ही बाजूंनी उघडी राहील आणि वरचा तुकडा सिलिकॉनने पक्का केला जाईल. सिलिकॉन पूर्ण सुकून त्याचा वास गेला की मगच ती टाकीत उतरवायची, आणि तेही पुन्हा जोडीकडे अंडी-पिल्ले नसतानाच.